उकाड्यातलं पिस्तूल: गोव्यात रोज जवळ बाळगायचं छोटं शस्त्र निवडताना

शस्त्र परवाना मंजूर झाला की बहुतेक जण पहिल्यांदा मोबाइल उघडतात. तिथे अमेरिकेतले लोक टेबलावर दहा-बारा पिस्तुलं मांडून बसलेले असतात. ग्लॉक 19, ग्लॉक 43, सिग पी365. कुठलं शर्टाखाली दिसत नाही, कुठल्यात किती गोळ्या मावतात, यावर तासन्‌तास चर्चा चालते. 2018 मध्ये आलेल्या पी365 मध्ये दहा गोळ्यांची मॅगझिन बसते आणि रिकाम्या पिस्तुलाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास राहतं. कारागिरी म्हणून हे कौतुकाचंच आहे. पण पर्वरीत किंवा फोंड्यात राहणाऱ्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण ही पिस्तुलं 9 मिलिमीटरची आहेत आणि आपल्याकडे सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ती येत नाहीत.

म्हणून आधी कायद्याने काय उरवलं आहे ते पाहू. निवड त्यानंतर.

1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे शस्त्र नियम ही आपली चौकट. या नियमांत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्वरमध्ये सैन्याची 9 मिलिमीटर, .45, .380 किंवा .455 ची गोळी बसू शकते ते वरच्या, निर्बंध असलेल्या वर्गात जातं आणि त्याचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हातात असतो. जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, ज्या हातातल्या शस्त्राचा, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरचा, परवाना देतात ते या बोअरच्या, म्हणजे नळीच्या मापांच्या, बाहेरचं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होतो .32 आणि .22 (टिंबाचे हे आकडे इंचातले). परदेशी शस्त्रं सामान्य माणसाने आयात करणं 1980 च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे कुणाच्या आजोबांच्या काळातलं बेल्जियन किंवा इंग्लिश बनावटीचं .32 बाजारात आलं तर त्याची किंमत ऐकून माणूस खुर्चीत बसतो. ती किंमत दुर्मिळतेची असते. शस्त्र तेवढं चांगलं असेलच असं नाही, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पिस्तुलाचा एक स्प्रिंग तुटला तर सुटा भाग कुठून आणणार, हा प्रश्न विकणारा कधीच काढत नाही.

म्हणजे निवड मुख्यतः देशी मालातच करायची. कानपूरची .32 रिव्हॉल्वर वर्षानुवर्षं चालत आलेली आहेत. त्याच घराण्यातलं ‘निर्भीक’ 2014 मध्ये आलं. वजन सुमारे 500 ग्रॅम, अंगाला टायटॅनियमचा मिश्रधातू, आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या जवळपास. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. 2023 मध्ये ‘प्रबल’ आलं. ते साधारण 700 ग्रॅमचं, आणि त्याची चक्री, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, बाजूला उघडते. पिस्तुलात ‘अशनी’ आहे, तेही .32. उत्तर प्रदेशात संडीला इथे वेब्ली अँड स्कॉट या जुन्या इंग्लिश नावाने .32 रिव्हॉल्वर बनतात. आणि अगदी छोट्यात ‘निडर’, .22 चं रिव्हॉल्वर, वजन अवघं 250 ग्रॅम. सरकारी आयुध कारखान्यांचं 2021 मध्ये सात कंपन्यांत विभाजन झालं, त्यामुळे जुन्या आणि नव्या मालावरची नावं वेगळी दिसली तर गोंधळून जाऊ नये.

यादी एवढीच. अमेरिकन माणसासमोर शंभर पर्याय असतात, आपल्यासमोर पाच-सहा. मला विचाराल तर हे बरंच आहे. मॉडेलवरून वाद घालण्यात जाणारा वेळ खऱ्या प्रश्नांना देता येतो.

.32 म्हटलं की एकच गोळी, असं बरेच जण धरून चालतात. ते चुकीचं आहे. रिव्हॉल्वरची .32 म्हणजे .32 स्मिथ अँड वेसन लाँग. हिचं पितळी काडतूस 23 मिलिमीटर लांब आणि बुडाला बाहेर आलेली कडा. पिस्तुलाची .32 म्हणजे .32 एसीपी, काडतूस 17 मिलिमीटरचं. एकाची गोळी दुसऱ्यात घालायची नाही. आत गेली तरी नाही. दुकानात मागताना पूर्ण नाव सांगायचं आणि पेटीवरचं लेबल स्वतः वाचायचं.

आता जोर किती? 9 मिलिमीटरची गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्यात साधारण साडेचारशे ज्यूल ऊर्जा असते. .32 च्या दोन्ही प्रकारांत ती दीडशे ते पावणेदोनशेच्या घरात. .22 ची आखूड नळीतून त्याहून खाली. आकडे वाचून निराश होणारे खूप भेटतात. पण आकड्याला दुसरी बाजू आहे. कमी जोर म्हणजे हाताला धक्काही कमी. अर्धा किलोच्या शस्त्रातून 9 मिलिमीटर झाडणं नवख्याला जड जातं, मनगट उसळतं, दुसरी गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. तेच .32 मध्ये आटोक्यात राहतं. जिथे नेम लागतो तिथेच गोळीचा उपयोग, आणि इथल्या परवानाधारकाला सरावाला मिळणाऱ्या गोळ्या मोजक्याच. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते लिहिलेलंच असतं. अशा माणसाला सोसवेल तेवढ्याच धक्क्याचं शस्त्र बरं.

.22 बद्दल मात्र माझं मत थोडं कडक आहे. 250 ग्रॅमचं ‘निडर’ खिशात टाकलं तर जाणवतही नाही, हे खरं. पण .22 च्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो, मध्यभागी वेगळी टोपी नसते. मसाला कडेत सगळीकडे सारखा बसला नसेल तर गोळी फुसकी निघते, आणि मधल्या टोपीच्या काडतुसापेक्षा इथे हे जास्त वेळा घडतं. जोर कमी आणि वर भरवसाही कमी. ज्याच्या हातात ताकद नाही, संधिवाताने बोटं आखडली आहेत, त्याच्यासाठी .22 चा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी केवळ हलकं म्हणून घेऊ नये.

मग पिस्तूल की रिव्हॉल्वर? इथे जरा थांबू.

पिस्तूल चपटं असतं. .32 पिस्तुलाची जाडी इंचभराच्या आसपास. रिव्हॉल्वरची चक्री सव्वा-दीड इंच फुगलेली. कमरेला लावलं की हा फरक लगेच कळतो. पिस्तुलात सात-आठ गोळ्या, रिव्हॉल्वरमध्ये सहसा सहा. मॅगझिन बदलायला दोन सेकंद, चक्री भरायला कितीतरी जास्त. कागदावर पिस्तूलच जिंकतं.

पण पिस्तुलाचं यंत्र स्वतःच्याच गोळीच्या जोरावर चालतं. गोळी सुटते, वरचा पत्रा (सरकणारा भाग, स्लाइड) मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो, पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलतो. यातली कुठलीही पायरी अडली तर पिस्तूल अडलं. मूठ सैल धरली, तेल वाळलं, धूळ बसली, गोळी फुसकी निघाली, तर मालकाला ते झटक्यात मोकळं करता आलं पाहिजे. ते सरावाने येतं आणि सराव सुटला की जातं. रिव्हॉल्वरमध्ये गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा. चक्री फिरते, पुढची गोळी समोर येते. वर्षातून एक-दोनदा गोळी झाडणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पिस्तुलाची मॅगझिन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, अशी समजूत असते. नळीत एक गोळी तशीच बसलेली असते. जगभर घराघरांत होणाऱ्या अपघातांमागे ही एक गोळी वारंवार सापडते. आधी मॅगझिन काढायची, मग वरचा पत्रा मागे ओढून नळीत डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी पत्रा ओढला आणि मग मॅगझिन काढली, तर नवी गोळी नळीत जाऊन बसते. थकलेल्या माणसाकडून रात्री अकरा वाजता हा क्रम उलटा होऊ शकतो. कानपुरी पद्धतीचं मधून मोडणारं रिव्हॉल्वर मात्र कडी दाबून नळी खाली केली की सहाच्या सहा काडतुसं वर उचलून देतं. सहा भोकं समोर दिसतात. रिकामं म्हणजे रिकामं.

चापाबद्दलही थोडं. रिव्हॉल्वरचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा मागचा हातोडा, मागे न ओढता थेट चाप ओढला तर तो लांब आणि जड लागतो. नवख्याला वाटतं, हे काय भलतंच. पण शर्टाखाली अंगाला चिकटून बारा तास राहणाऱ्या शस्त्राला जड चाप हा गुणच आहे. घाईत, घाबरलेल्या बोटाने तो सहज ओढला जात नाही. घोडा मागे ओढून चाप हलका करायची सवय नेमबाजीच्या मैदानावर ठेवावी, कमरेच्या शस्त्राला लावू नये. शस्त्र जुनं असेल तर आणखी एक पथ्य: पडल्यावर घोड्याला अडवणारी सोय त्यात आहे का, हे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय घोड्याखालच्या कप्प्यात गोळी ठेवायची नाही.

आता लपवण्याचा भाग. अमेरिकेत शस्त्र झाकून नेण्यासाठी अनेक राज्यांत वेगळा परवाना लागतो, काही राज्यांत उघडं नेलं तरी चालतं. आपल्याकडे उलट आहे. सार्वजनिक ठिकाणी हातातलं शस्त्र न्यायचं तर ते त्यासाठीच बनवलेल्या म्यानात (होल्स्टरमध्ये) किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे, असं नियमच सांगतात. म्हणजे झाकणं ही इथे हौस नाही, अट आहे. कुणी कमरेला मूठ बाहेर काढून मिरवत असेल तर तो रुबाब नव्हे, नियमभंग.

लोक नळीची लांबी बघतात. झाकायला नळी अवघड जात नाही, ती पँटीच्या आत खाली जाते. अवघड जाते ती मूठ. वाकलात की मुठीचं टोक शर्टाला मागून उचलतं आणि कापडावर आकार उठतो. म्हणून दुकानात शस्त्र हातात घेतलं की मूठ पाहा. करंगळी तिच्यावर बसते का? बसत नसेल तर पकड सैल, बसत असेल तर आकार उठण्याची शक्यता जास्त. या दोहोंत तडजोड करावी लागते. माझा कल पकडीकडे. शर्ट एक माप मोठा शिवून घेता येतो, हात मोठा करता येत नाही.

आणि शर्ट म्हणजे तरी काय? गोव्यात मार्च ते मे अंगावर पातळ सुती बुशशर्टापलीकडे काही सोसवत नाही. परदेशी सल्ले जाकिटावर उभे असतात. इथे जाकीट घातलेला माणूसच आधी नजरेत भरतो. त्यात आपला अर्धा दिवस स्कूटरवर. मांडवीच्या पुलावर वारा सुटला की शर्टाचा मागचा घेर पाठीवर जातो आणि मागच्या बाजूला खोचलेलं सगळं सिग्नलवरच्या रांगेला दिसतं. म्हणून स्कूटरवाल्याने शस्त्र पाठीत न ठेवता उजव्या कमरेच्या किंचित मागे, पट्ट्याच्या आतून लावावं. शर्ट गडद किंवा चौकडीचा घ्यावा. पांढऱ्या शर्टाखाली घामाने ओलं झालेलं होल्स्टर आरशात न पाहताही इतरांना दिसतं. गाडीने जाणाऱ्याची अडचण वेगळी. सीटबेल्टची कडी नेमकी त्याच जागी येते, तेव्हा खरेदीआधी गाडीत बसूनही पाहावं.

पर्समध्ये किंवा खांद्याच्या पिशवीत ठेवणं नियमात बसतं, पण पिशवी हिसकावणं हाच आपल्याकडचा नेहमीचा गुन्हा. चोराच्या हाती तुमचे पैसे जातात ते एक, रिव्हॉल्वर जाणं म्हणजे पुढची सगळी वर्षं पोलीस स्थानकाच्या पायऱ्या. पिशवी वापरायचीच असेल तर आडवा पट्टा असलेली, आत शस्त्रासाठी वेगळा बंद कप्पा असलेली. त्या कप्प्यात किल्ल्या नाहीत, पेन नाही, नातवाची गोळी-बिस्किटं तर नाहीतच.

खरेदीआधी एक साधी परीक्षा घ्यायला मी सांगतो. छोट्या जाड कापडी पिशवीत सातशे ग्रॅम तांदूळ भरा, घट्ट शिवा आणि कमरेला त्याच जागी बांधून आठवडाभर वावरा. मासळी बाजार, बँक, दुपारची झोप, संडास, सगळं. ज्याने तिसऱ्या दिवशी पिशवी सोडून कपाटात टाकली त्याला स्वतःचं उत्तर मिळालं. त्याने एकतर अर्ध्या किलोचं घ्यावं किंवा रोज बाळगायचा विचारच सोडावा.

होल्स्टरवर पैसे वाचवू नयेत, एवढं सांगून पुढे जातो, फक्त तीन अटी लक्षात ठेवा. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. शस्त्र आत घट्ट राहिलं पाहिजे, उलटं धरून हलवलं तरी पडता कामा नये. आणि शस्त्र काढल्यावर तोंड मिटता कामा नये. बाजारात मिळणारी मऊ कापडी पाकिटं या तिन्हींत नापास होतात.

गोव्याची हवा हा वेगळा अध्याय आहे. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस, समुद्राकडून येणारा खारा वारा, आणि अंगाचा घाम, तोही खाराच. निळसर काळा मुलामा दिलेल्या पोलादावर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत गंजाचे ठिपके येतात. पहिल्यांदा ते मुठीच्या वरच्या अंगाला येतात, जिथे त्वचा लागते. चामड्याचं होल्स्टर दिसायला देखणं, पण ते ओल धरतं आणि चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळावर हिरवा कळंक आणतात. त्यामुळे चामड्यात शस्त्र साठवायचं नाही. नेताना चालेल, घरी आल्यावर बाहेर काढायचं. पावसाळ्यात कडक प्लास्टिकचं होल्स्टर बरं, पाण्याने धुता येतं. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात, आठवड्याला नळीत एकदा तेलाचं फडकं, कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी. काडतुसांना मात्र तेल लावायचं नाही, ते टोपीच्या फटीतून आत झिरपून मसाला निकामी करू शकतं. रोज जवळ असणारी सहा काडतुसं पावसाळा संपला की सरावात झाडून टाकावीत आणि नवी भरावीत. दोन शस्त्रांत बाकी सगळं सारखं असेल तर गंज न धरणाऱ्या धातूचं घ्या. निर्भीकच्या जास्त किमतीतला काही भाग मला इथे वसूल झालेला दिसतो.

आता त्या शब्दाकडे येऊ ज्यावर सगळी चर्चा उभी असते: रोज.

परवान्याच्या अटी एकदा बैठक मारून वाचा. दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, लोकांची मोठी गर्दी, शाळा-महाविद्यालयाचं आवार या ठिकाणी शस्त्र नेता येत नाही. आता गोव्यातलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. कार्तिकापासून वैशाखापर्यंत या ना त्या गावची जत्रा, मग शिगमो, कार्निव्हल, पालख्या, भजनी सप्ताह, फेस्त. सकाळी मुलाला शाळेच्या फाटकात सोडायचं. कोर्टात तारीख. दाबोळी किंवा मोपाला विमान पकडायचं, जिथे केबिनमध्ये शस्त्र चालतच नाही आणि सामानात न्यायचं तर आधी कळवून, कागदपत्रं दाखवून, रिकामं करून. शिवाय परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे हे त्यावर लिहिलेलं असतं. फक्त गोव्यापुरता असेल तर पत्रादेवी ओलांडून सावंतवाडीच्या लग्नाला, पोळे ओलांडून कारवारला किंवा चोर्ला घाटातून बेळगावला जाताना ते घरीच ठेवायचं. आपलं राज्य एवढं छोटं की माणूस बोलता बोलता हद्दीबाहेर जातो.

निवडणुका आल्या की जिल्हा प्रशासनाचा आदेश निघतो आणि छाननीत ज्यांची नावं येतात त्यांना शस्त्र पोलीस स्थानकात जमा करावं लागतं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा पंचायत. जमा केल्याची पावती परवान्यासोबत ठेवा. आणि जमा करताना तेलाचा जाडसर हात द्या, तिथल्या कपाटात कुणी तुमच्यासाठी फडकं फिरवणार नाही.

म्हणजे ‘रोज’ बाळगायचं शस्त्र आठवड्यातून कितीतरी वेळा कमरेवरून उतरणार, रिकामं होणार, बंद होणार, पुन्हा भरलं जाणार. धोका याच हाताळणीत दडलेला असतो. दरोडेखोर आयुष्यात एकदा भेटेल किंवा भेटणारही नाही. शस्त्र रिकामं करणं आणि भरणं मात्र शेकडो वेळा होणार. म्हणून मी निवडीचा पहिला निकष गोळीचा जोर किंवा गोळ्यांची संख्या धरत नाही. अंधारात, घाईत, थकलेल्या हातांनी हे शस्त्र न चुकता रिकामं करता येतं का, हा धरतो. या निकषावर माझ्या मते बहुतेकांसाठी .32 रिव्हॉल्वर पुढे जातं. ज्याने नेमबाजी क्लबात वर्षं काढली आहेत, ज्याचे हात झोपेतही मॅगझिन आधी काढतात, त्याने खुशाल पिस्तूल घ्यावं.

याच हिशेबात शस्त्रासोबत पेटीचाही खर्च धरा. भिंतीला किंवा कपाटाला आतून बोल्टने पक्की केलेली लोखंडी पेटी, काडतुसांना वेगळं कुलूप. परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षित साठवणुकीचं लिहून द्यावंच लागतं, ते कागदापुरतं ठेवू नये. स्कूटरची डिकी ही पेटी नव्हे. गाडीचा पुढचा कप्पाही नव्हे. देवळात जाताना ‘पाच मिनिटांचं तर काम आहे’ म्हणून शस्त्र डिकीत ठेवणाऱ्याला परवाना का दिला, असा प्रश्न मला पडतो. ज्या दिवशी अशा ठिकाणी जायचं आहे त्या दिवशी सकाळीच ते घरी ठेवा. आणि ज्या संध्याकाळी फेणीचा पेला हातात येणार आहे त्या संध्याकाळीही.

वापराच्या कायद्याबद्दल थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा खरा आणि तत्काळ धोका असेल, तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोहोचू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा अधिकार नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तिथे हा हक्कच उभा राहत नाही. भाटकार-मुंडकाराचं (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) भांडण, कुंपणाची भिंत, शेजाऱ्याच्या माडाची झावळी, पणजीत पार्किंगवरून बाचाबाची. यांतल्या कशातही शस्त्र नुसतं दाखवलं तरी आरोपीच्या जागी तुम्ही. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. सत्तरी-सांग्यात शेतीरक्षणाची लांब बंदूक आधीच घरात असेल आणि ती त्याच नावावर असेल, तर दोनांतली एक जागा भरली, हे विसरू नका.

सरावाला गोळ्या कमी म्हणून सराव कमी, असं नको. परवान्यासाठी जे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं ते सुरुवात म्हणून ठीक आहे. पुढे घरी रिकाम्या शस्त्रावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, प्लास्टिकची नकली काडतुसं घालून चाप ओढायचा सराव करता येतो. समोर भक्कम भिंत असावी, पलीकडे कुणी झोपत नसावं. जड चापाला बोट सरावलं की नेमात फरक पडतो, आणि त्याला एकही गोळी खर्च होत नाही.

शेवटी दुकान. नवं असो की जुनं, विक्रेत्याला विचारून, शस्त्र रिकामं आहे हे दोघांनी पाहून मगच हाताळा. रिव्हॉल्वरचा घोडा मागे असताना चक्री बोटांनी हलवून पाहा, ती डुगडुगत असेल तर प्रत्येक कप्पा नळीशी नीट जुळत नाही. सहाही कप्पे एकेक करून तपासा. मधून मोडणारं असेल तर बिजागरीत खेळ आहे का पाहा. नळीतून उजेडाकडे बघा, आतल्या चऱ्या स्वच्छ आणि टोकदार दिसल्या पाहिजेत. पिस्तुलात मॅगझिनच्या ओठांना दाबल्याच्या खुणा आहेत का ते बघा, अडकण्याचं दुखणं बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. जुन्या शस्त्राच्या लाकडी मुठी काढून आतला गंज पाहायला कुणी नकार दिला तर उठून या. व्यवहार ठरला की शस्त्रावर कोरलेला क्रमांक, विक्रेत्याच्या वहीतला क्रमांक आणि तुमच्या परवान्यावर चढवलेला क्रमांक, तिन्ही एकापुढे एक ठेवून अंक-अंक जुळवा. एखादा 3 आणि 8 चुकला तर कागदोपत्री तुमच्याकडे दुसऱ्याचंच शस्त्र असतं, आणि ती दुरुस्ती करायला जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं ते शस्त्र घरी कुलपात ठेवूनच.